नखाएवढ्या किटमधला हुसेनभाई

माझ्या दुकानात बिस्किटाचा एक जुना डबा आहे. मोटारी खोलताना उरलेले नट, वायसर, स्प्रिंगा सगळं त्यात जातं. एखादा नट शोधायला हात घातला की हाताला भलतंच काहीतरी लागतं. किश्शांचं तसंच आहे. कुणी मुद्दाम जमवत नाही, पण कुणी फेकूनही देत नाही!

मी कोल्हारचा. जन्मभर पाण्याच्या मोटारी भरल्या, म्हणजे जळालेल्या मोटारीची तांब्याची तार काढून नवीन भरली. शाळा चौथीपर्यंत. आता दुकान मुलगा बघतो, माझ्याकडे फक्त स्टूल उरलंय. त्या स्टुलाभोवती आमचा अड्डा. पेरूची बाग असलेला भाऊसाहेब, शेजारचा मोबाईलवाला प्रवीण आणि टेम्पोवर भोंगा लावून गावोगाव पुकारा करणारा हुसेनभाई. मी बोलायला फार हळू. मी तोंड उघडलं की भाऊसाहेब म्हणतो, "नाना, लाईट जायच्या आत संपवा!"

म्हणून लिहितोय. लिहिताना कुणी मध्ये बोलत नाही.

हे किस्से हुसेनभाईच्या आवाजाचे. तो आवाज जाणार की माणूस जाणार, यातलं एक ठरायचं होतं आणि हुसेनभाई भलतंच ठरवून बसला होता. पण ते पुढे. आधी तो आवाज गावभर कसा पसरला ते सांगतो.

*

प्रवीणने एक दिवस नखाएवढं किट माझ्या तळहातावर ठेवलं. "नाना, हे बोलतं."

मी उलटंपालटं करून पाहिलं. बारीकसं मेमरी कार्ड बसायला एक खाच, आणि दोन्ही कडांना पिना. दोन पिनांना स्पीकर जोडायचा, दोन पिनांना पाच व्होल्ट द्यायचे, आणि एका पिनेला बटण. बटण दाबलं की कार्डात भरलेलं बोलणं वाजतं. पुन्हा दाबलं की पुढचं. आणि बटण दाबून धरलं तर आवाज वाढत जातो. एवढीच अक्कल. पण आमच्यातल्या काही जणांपेक्षा बरी!

दुकानाच्या दारात लावायचं ठरलं. माणूस आला की सेन्सर ओळखणार आणि किट बोलणार. पण आवाज कुणाचा भरायचा?

"नानांचा नको," भाऊसाहेब म्हणाला. "गिऱ्हाईक जाऊन परत येईल तरी 'या बसा' पुरं व्हायचं न्हाई."

भाऊसाहेबाचा भरून पाहिला. ऐकल्यावर वाटायचं, आत कुणाला तरी मारताहेत.

तेवढ्यात हुसेनभाई आला. त्याने मोबाईल तोंडासमोर धरला, घसा साफ केला आणि म्हणाला, "या, बसा. चपला बाहेर काढा." बस्स. असा भरदार, गोल आवाज, की आम्ही तिघेही आपापल्या पायांकडे बघायला लागलो!

दुसऱ्या दिवशी सकाळी हुसेनभाई नेहमीसारखा चपलांसकट आत शिरला. वरून आवाज आला, "चपला बाहेर काढा."

हुसेनभाई वर बघून म्हणाला, "कुणाला सांगतो रं? मी हाय, हुसेन!"

सेन्सरपुढे तो हलला, म्हणून पुन्हा आवाज आला, "चपला बाहेर काढा."

दोन-चार वेळा वाद झाला. शेवटी हुसेनभाईने चपला काढल्या आणि आम्हाला म्हणाला, "ह्या आवाजाम्होरं कुणाचं काय चालत न्हाई गड्या."

*

मग भाऊसाहेबाच्या बागेचा नंबर लागला. पेरू पिकायला लागले की राघूंचे थवे उतरतात. भाऊसाहेबाने बुजगावणं उभं केलं होतं, पण राघू त्याच्या डोक्यावर बसून पेरू खायचे. प्रवीण म्हणाला, बुजगावण्याला बोलतं करू.

हुसेनभाईने जीव ओतून भरलं, "कोण रं तिथं? दिसतोय मला! ऊठ तिथनं!"

किट बुजगावण्याच्या पोटात, बॅटरी त्याच्या धोतरात. थोड्या थोड्या वेळाने आपोआप ओरडायचं. पहिल्या दिवशी राघू उडाले. नंतर त्यांना कळलं की हा नुसता ओरडतो, उठत नाही. आमच्या गावात अशी माणसं पुष्कळ, राघूंना सवय होती!

पण बांधापलीकडचे सखारामबापू. सरकारने दिलेल्या संडासात त्यांनी लाकडं भरून ठेवलेली आणि स्वतः पहाटे डबा घेऊन भाऊसाहेबाच्या बांधाआड जायचे. बसले रे बसले की झाडीतून आवाज यायचा, "दिसतोय मला! ऊठ तिथनं!"

बापू उठायचे. जरा लांब जाऊन बसायचे. पुन्हा, "कोण रं तिथं?"

आठवडाभराने बापू दुकानात आले. चेहरा पार पिवळा. बसा म्हटलं तर बसेनात. भाऊसाहेबाला म्हणाले, "तुझ्या त्या बुजगावण्याला समजावून सांग. राघू तुझं खात्यात. मी तर देऊन जातोय!"

*

पुढचा किस्सा सांगताना मी अजून दोन्ही बाजूंना बघून घेतो, कारण तो एका मयताचा आहे.

आमच्याकडे थ्री फेज लाईट कधी येईल याचा नेम नसतो. आली की आधी मोटर चालू करायला पळायचं. भाऊसाहेबाची मोटर प्रवरेच्या काठावर, घाटाच्या जवळच. प्रवीणने त्याच्या स्टार्टरच्या पेटीत किट बसवलं आणि हुसेनभाईचा एक जुना भोंगा जोडला. लाईट आली की हुसेनभाई ओरडणार, "लाईट आली! लाईट आली! मोटर चालू करा!"

या किटची एक खोड आहे. आवाज कितीही कमी करून ठेवा, लाईट जाऊन आली की ते सगळं विसरतं आणि पहिल्यापासून फुल आवाजात सुरू होतं. गेलेल्या माणसाला विसरावं तसं, असं भाऊसाहेब म्हणाला. त्या दिवशी विसरलं ते नेमकं दहाव्याच्या वेळी.

गावातले एक म्हातारबुवा गेले होते. आयुष्यभर ऊस केला, गहू केला. घाटावर दहाव्याला माणूस चिक्कार. पिंड ठेवले आणि कावळा काही शिवेना. झाडावर चार-पाच बसलेले, बघायचे आणि मान फिरवायचे. थोरला मुलगा कावळ्याकडे बघत गेलेल्या बापाला हात जोडून म्हणाला, "दादा, आईला सांभाळू." कावळा ढिम्म. धाकटा म्हणाला, "दादा, वाटणीवरनं भांडनार न्हाई." तरीही ढिम्म. जावई म्हणाला, नातवाला इंजिनियर करू. म्हाताऱ्याला इंजिनियरचं काय! ऊन चढायला लागलं. आता दर्भाचा कावळा करून शिववावा, असं गुरुजी म्हणू लागले.

आणि घाटावर आकाशवाणी झाली, "लाईट आली! लाईट आली! मोटर चालू करा!"

बसलेली सगळी माणसं उठली आणि जी धूम पळाली! कुणी ऊस पाण्यावर ठेवलेला, कुणाचा गहू पाण्यावाचून वाळत होता. दोन्ही मुलगे पळाले, डोकं भादरलेलं, अंगावर ओला पंचा, तसेच. जावयाला शेत नव्हतं, पण सगळे पळतात म्हणून तोही पळाला. घाटावर राहिले गुरुजी, न्हावी आणि मी, कारण मला पळता येत नाही.

झाडावरून कावळा उतरला आणि पिंडाला शिवला.

गुरुजींनी कावळ्याला हात जोडले. मग म्हणाले, "नाना, म्हाताऱ्याचा जीव मोटरीत अडकला होता हो!"

*

यानंतर हुसेनभाईचा आवाज मागायला लोक दुकानात यायला लागले. पिठाच्या गिरणीत तो म्हणायचा, "डबा झाकून न्या, पीठ उडतं." दूध डेअरीत म्हणायचा, "पाणी घालू नका, देव बघतो." त्यावर डेअरीचा माणूस म्हणाला, "देव बघतोय त्याचं काय न्हाई, लॅक्टोमीटर बघतंय म्हणा!"

मग एकदा गिरणीवाला तक्रार घेऊन आला. नवीन भरलेलं वाक्य घरघरतंय.

प्रवीणने किट बदललं. घरघर तशीच. अशा किटला एक रेझिस्टर कमी पडला की गुणगुण येते, म्हणून त्याने तो टाकला. घरघर तशीच. मी स्पीकर बदलला, तारा बदलल्या, अर्थिंग तपासलं. माझं सगळं आयुष्य बिघाड शोधण्यात गेलंय. मोटर कशी हुंकारते त्यावरून कुठली बेरिंग गेली ते मी सांगतो. पण ही घरघर काही सापडेना.

शेवटी प्रवीणने दारावरचं पहिलं रेकॉर्डिंग आणि गिरणीचं नवीन रेकॉर्डिंग मोबाईलवर एकामागोमाग एक लावलं.

पहिलं स्वच्छ होतं, विहिरीच्या पाण्यासारखं. दुसऱ्यात वाळू होती.

हुसेनभाई समोरच बसला होता. आम्ही तिघे त्याच्याकडे बघायला लागलो. तो म्हणाला, "काय बघताय? सर्दी हाय."

त्याची सर्दी बरीच जुनी होती हे तेव्हा आमच्या लक्षात आलं.

*

नगरच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि सरळ सांगितलं. घशात गाठ आहे. स्वरयंत्र काढावं लागेल. आवाज जाईल, पण माणूस राहील. उशीर केला तर दोन्ही जातील.

हुसेनभाई नगरहून आला, दुकानात बसला आणि म्हणाला, "न्हाई करायचं."

"का रं?"

"भोंगा काढल्यावर टेम्पोला कोन इचारतं? भाजीचा टेम्पो हुतो मंग त्यो."

"भाजी तरी खाता येती," भाऊसाहेब म्हणाला. "तुझा काय उपेग?"

भाऊसाहेबाची माया अशीच. घरी जाऊन तो जेवला नाही, हे त्याच्या बायकोकडून कळलं.

आम्ही परोपरीने समजावलं. प्रवीणने शहरातली उदाहरणं दिली. मी तर इतका वेळ बोललो की हुसेनभाई म्हणाला, "नाना, तुमचं ऐकून संपंपर्यंत गाठच म्हातारी हुईल!" पण मानेना.

आणि एका दुपारी जैतूनभाभी दुकानात आली. हुसेनभाईची बायको. इतक्या वर्षांत ती कधी दुकानात आली नव्हती. नवऱ्याच्या टेम्पोतही कधी बसली नव्हती. भोंग्याची लाज वाटते म्हणायची. माहेरी जायचं तरी एसटीने जायची आणि मागून हुसेनभाईचा टेम्पो रिकामा यायचा!

ती दारात आली आणि वरून आवाज आला, "या, बसा."

भाभी वर बघत राहिली. मग स्टुलावर बसलेल्या नवऱ्याकडे बघून म्हणाली, "घरात कधी म्हनला न्हाई हा, 'बसा' म्हनून."



भाभी मला म्हणाली, "भाऊ, तुमी सांगा ह्याला. मला ह्याचा आवाज नकोच हाय. लई वरसं ऐकला. गावात कुनाची म्हैस हरवली तर तिचं नाव घेऊन गावभर वरडतो. माझं नाव काय हाय, इचारा बरं ह्याला. 'ओ, सुना क्या' ह्याच्याम्होरं कधी गेला न्हाई. त्यो आवाज ऱ्हायला काय आन गेला काय! मला मानूस पायजे."

एवढं बोलून ती उठली आणि निघाली. दारातून जाताना किट पुन्हा म्हणालं, "चपला बाहेर काढा."

"घालून चाल्लेय!" भाभी ओरडली.

हुसेनभाई बराच वेळ बोटांनी स्टुलाची कड खरडत बसला. मग म्हणाला, "प्रवीन, तुझ्या त्या किटात किती बोलनं मावतं?"

"पाहिजे तेवढं."

"मंग टेम्पो बोलला पायजे. मी न्हाई बोललो तरी टेम्पो बोलला पायजे. हे जमत असंल तर मी जातो नगरला."

*

दोन किटं करायची ठरली. एक गळ्यात अडकवायचा डबा, त्याला बटणं; पहिल्या बटणाला कार्डातलं पहिलं बोलणं, दुसऱ्याला दुसरं. एक टेम्पोत, भोंग्याला जोडलेलं.

डब्यात काय काय भरायचं यावर दुकानात ग्रामसभा झाली. "हो" आणि "नाही" याबद्दल वाद नव्हता. "चहा" आला. "बिडी" जैतूनभाभीच्या निरोपावरून रद्द झाली. "पाठ खाजव" हे हुसेनभाईने स्वतः सुचवलं. भाऊसाहेब म्हणाला, "एक बटन माझं पायजे. 'भाऊसाहेब, तुझं बरोबर हाय.' इतक्या वरसांत एकदा तरी ऐकू दे."

"मेलो तरी म्हननार न्हाई," हुसेनभाई म्हणाला.

"म्हनून तर आत्ता भर म्हनतोय!"

भरलं नाही. त्याऐवजी "भाऊसाहेब, गप बस" भरलं. त्याला सगळ्यात मोठं बटण दिलं.

मग टेम्पोचे पुकारे. बाजाराचा, जत्रेचा, गुरांच्या लशीचा, साड्यांच्या सेलचा, हरवलं-सापडलंचा. आवाजात वाळू होती, पण थांबत थांबत, गरम पाणी पीत, सगळं भरलं. शेवटी मोबाईल हातात धरून तो म्हणाला, "आता तुमी च्या पिऊन या."

"इथंच मागवू की."

"जाऊन पिऊन या."

आम्ही गेलो. त्याने शटर अर्धं खाली ओढून घेतलं. परत आलो तर मोबाईल टेबलावर आणि हुसेनभाई पाठमोरा. प्रवीणला म्हणाला, "शेवटचं जे हाय ना, ते ऐकायचं न्हाई. टेम्पोच्या कार्डात घाल, पार शेवटाला. घरच्या डब्यात घालायचं न्हाई."

"टेम्पोत कशाला?"

"टेम्पोत ती बसत न्हाई."

"मग ऐकणार कोण?"

"कुनी न्हाई. नुसतं असू दे."

*

ऑपरेशन झालं. माणूस राहिला.

भेटायला सोडलं त्या दिवशी आम्ही तिघे वॉर्डात गेलो. गळ्याला पट्टी, नाकात नळी, पण डोळे टकाटका. प्रवीणने डबा त्याच्या छातीवर ठेवला. तेवढ्यात डॉक्टर आले, अगदी तरुण. म्हणाले, "काका, दुखतंय का?"

हुसेनभाईने "हो"चं बटण दाबलं.

डबा म्हणाला, "या, बसा. चपला बाहेर काढा."

डॉक्टरांनी खाली आपल्या बुटांकडे पाहिलं. हुसेनभाईने घाईने "नाही"चं बटण दाबलं.

"कोण रं तिथं? दिसतोय मला! ऊठ तिथनं!"

शेजारच्या कॉटला पडदा लावलेला होता. पडद्यामागचा पेशंट भांड्यावर बसलेला. तिथून आवाज आला, "उठलो, उठलो!" आणि भांडं पडल्याचा आवाज.

प्रवीणचा चेहरा पांढराफटक. प्रकार असा झाला की, हुसेनभाईचं एकही वाक्य वाया जायला नको म्हणून त्याने मायेपोटी, ते शेवटचं सोडून, जुने-नवे सगळे आवाज एकदम कार्डात ओतले होते. आणि हे किट फाईलचं नाव बघत नाही. कार्डात जे आधी शिरलं, ते पहिलं. आपल्या एसटीसारखं. रिझर्वेशन कुणाचंही असो, आधी घुसला तो बसला!

सिस्टरबाई धावत आल्या. हुसेनभाई हसत होता, नुसता, बिनआवाजाचा, खांदे हलत होते, डोळ्यांतून पाणी. डॉक्टर म्हणाले, "काका, हसू नका, टाके आहेत." त्याने उत्तर द्यायला सगळ्यात मोठं बटण दाबलं.

डबा म्हणाला, "लाईट आली! लाईट आली!"

भाऊसाहेब वॉर्डाबाहेर जाऊन भिंतीला तोंड लावून उभा राहिला. मी विचारलं, "रडतोस का हसतोस?" म्हणाला, "तुमी जा ना आत!"

*

जखम पुरती भरून डॉक्टरांनी परवानगी दिली, तेव्हा टेम्पो पहिल्यांदा बाहेर निघाला. बाजाराचा दिवस. हुसेनभाई स्टिअरिंगवर, गळ्याला भाभीने शिवलेला पातळ रुमाल. मी त्याच्या शेजारी. भाऊसाहेब मागे क्रेटवर, भोंगा धरून. प्रवीण दुकान टाकून मोटारसायकलवर पुढे, मंत्र्याच्या गाडीपुढे पोलीस असतो तसा.

गळ्यातल्या डब्यात आणि टेम्पोच्या कार्डात प्रवीणने या वेळी एकेक फाईल क्रमाने टाकली होती. डॅशबोर्डवर एकच बटण. दाबलं की पुढचा पुकारा, दाबून धरलं की आवाज मोठा.

हुसेनभाईने बटण दाबलं आणि भोंग्यातून तो आवाज आला.

"ऐका हो ऐका! उद्या सकाळी चावडीसमोर गुरांना लस टोचण्यात येईल. सर्वांनी आपापली गुरं घेऊन यावीत."

भाजीवाल्या बायांचे हात थांबले. एक म्हातारी हात जोडून उभी राहिली. चहावाला ओरडला, "आला रं आला, हुसेनभाई आला!" हुसेनभाई सरळ समोर बघत चालवत होता. हनुवटी जरा वर.  

हरवलं-सापडलंचा पुकारा संपला. शेवटाआधीचा होता तो. पुढे बाजाराच्या तोंडाशी स्पीड ब्रेकर. टेम्पो आदळला. बटणाखालच्या तारा एकमेकींना लागल्या. भोंगा क्षणभर खरखरला.

मग खोकला ऐकू आला. मग गरम पाण्याचा घोट.

"ऐका हो ऐका."

हुसेनभाईचा पाय ब्रेकवर गेला. टेम्पो बाजाराच्या मधोमध थांबला.

"कोल्हार आणि पंचक्रोशीतील सर्व नागरिकांना कळविण्यात येते की, जैतून."

इथे बराच वेळ नुसती घरघर.

"जैतून नावाची बाई, रंग सावळा, उंची बेताची, डाव्या गालावर तीळ, अंगावर बहुतेक करून हिरवी साडी, ही हरवलेली नाही."

हुसेनभाईने बटणावर अंगठा मारला आणि दाबूनच धरला. आवाज वाढला! तो अजून जोरात दाबायला लागला. आवाज अजून वाढला. बाजारातली कुत्री उठून उभी राहिली.

"ती मला फार वर्षांपूर्वी सापडलेली आहे. परत मिळणार नाही. कुणाचा दावा असेल त्यांनी येऊ नये. ज्यांनी कुणी सांगितलं असेल की हुसेनला तिचं नाव माहीत नाही, त्यांनी नोंद घ्यावी. जैतून. जैतून. जैतून. हुकमावरून."

भोंगा बंद झाला.  मागून भाऊसाहेबसुद्धा काही बोलला नाही, ही गोष्ट लिहून ठेवण्यासारखी!

मेथीच्या ढिगाशी हिरव्या साडीत जैतूनभाभी उभी होती. हातात पिशवी, पिशवीतून कोथिंबीर बाहेर आलेली. सगळा बाजार तिच्याकडे बघत होता आणि हुसेनभाई स्टिअरिंगवर डोकं टेकवून बसला होता. त्याने चाचपडत गळ्यातल्या डब्याचं एक बटण दाबलं. कुठलं दाबलं हे त्यालाही कळलं नसावं. डबा म्हणाला, "चहा."

भाभी चालत आली. माझ्या बाजूचं दार उघडलं. मला म्हणाली, "भाऊ, तुमी मागं बसा."

मी उतरलो. ती टेम्पोत चढली, पिशवी मांडीवर घेतली, पदर सारखा केला आणि समोर बघत म्हणाली,

"चला. खालच्या आळीत न्हाई ऐकू गेलं अजून."